सीट सोडण्याआधी

एमएसची सीट सोडायचं माझ्या मनात घोळत होतं ते 2021 च्या ऑक्टोबरात, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर. त्यामुळे घरचे चक्रावले. ऐन लाटेत टिकलीस आणि आता कसली भीती?

भीती नव्हतीच. शिवडीच्या मुलीला फुप्फुसाच्या रोगाचं भय कोणी नव्याने शिकवायला नको. आमच्या बीडीडी चाळीतून टीबी हॉस्पिटलला चालत जाता येतं. आई तिथे आया होती. खोकणाऱ्या माणसाशी तोंड न फिरवता बोलायचं कसं, हे मी कॉलेजच्या आधी घरीच शिकले.

मी 2020 च्या बॅचची. सर्जरी मिळाली म्हणून चाळीत पेढे वाटले होते. पण त्या वर्षी सर्जरी होती कुठे? नायर रुग्णालय एप्रिलमध्येच कोविडसाठी राखलं गेलं होतं, इतर ठिकाणीही एकेक वॉर्ड तिकडे वळत गेला. हर्निया, पित्ताशयाचे खडे, जी जी ऑपरेशन्स थांबू शकत होती ती थांबली. मी पीपीई किट चढवून ऑक्सिजनची पातळी लिहीत होते आणि नातेवाइकांना फोन करत होते. आत कोण आहे ते कळावं म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहिलेलं. किट उतरेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही. काम गरजेचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण लॉगबुक कोरं राहिलं, आणि कोऱ्या लॉगबुकाने सर्जनचा हात तयार होत नाही.

लाट गेली की गाडी रुळावर येईल, या आशेवर दिवस काढले. तर ज्युनिअरच आले नाहीत! जानेवारी 2021 मध्ये व्हायची नीट-पीजी एप्रिलवर गेली, तिथून पुन्हा पुढे, आणि झाली 11 सप्टेंबरला. मग आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा खटला. प्रवेशफेरी सुरू व्हायला जानेवारी 2022 उजाडलं. तोवर हाउसमनची कामं दुसऱ्या वर्षाच्या गळ्यात. रक्ताचे नमुने पाठवा, रिपोर्ट आणा, डिस्चार्ज कार्ड लिहा, आणि त्यातून वेळ उरलाच तर ओटीत उभं राहा. सीट सोडण्याचा विचार येतो तो असा. रोगाच्या भीतीने माणूस फार तर चार दिवस रजा टाकतो. पण राबराब राबूनही आपण काहीच शिकत नाही, हे रोज दिसायला लागलं की राजीनाम्याचा मसुदा डोक्यात तयार होतो. प्रशासनाला हे अजून कळलेलं नाही असं माझं मत आहे. ते टाळ्या वाजवतात आणि समुपदेशनाचं भाषण ठेवतात.

आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "रजा मागून बघितलीस का?" मी मागितलीच नव्हती. आमच्यात रजा मागणं म्हणजे कमकुवतपणा.

आमच्या युनिटमधल्या एका मुलाने मात्र ड्युटी संपवून, न झोपता, थेट अर्ज नेऊन दिला. नंतर कळलं की सीट सोडताना बॉण्डची रक्कम, म्हणजे दंड, भरल्याशिवाय मूळ कागदपत्रं हातात पडत नाहीत. वडील गावाहून पैशांची जुळवाजुळव करून आले. तो मुलगा हुशार होता, अजूनही आहे. पण त्याला हवी होती झोप, आणि त्याने सोडली सीट.

म्हणून सांगते. रजा आणि सीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आणि आठवड्याची सुट्टी आहे. त्याहून जास्त रजा झाली तर तेवढ्याच दिवसांनी कोर्स लांबतो, सीट जात नाही. एमबीबीएसवाल्यांना तर पदवी पूर्ण करायला प्रवेशापासून नऊ वर्षं मिळतात. मध्ये सहा महिने आजारपणात गेले म्हणून आभाळ कोसळत नाही. सीट सोडण्याच्या जबर दंडाचा फेरविचार करा, असं आयोगाने जानेवारी 2024 मध्ये राज्यांना कळवलं खरं, पण आपल्या वर्षाच्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत काय छापलंय तेच तुम्हाला लागू. ते पान आधी वाचा.

मला सर्जरीच नको, हे शांत डोक्याने, पोटभर झोपल्यावरही वाटत असेल तर जरूर सोडा. देशभरात पाच वर्षांत हजाराहून अधिक वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडलं, त्यात बहुतेक पदव्युत्तरच. ते सगळेच काही चुकले नसतील. मात्र पोस्ट-ड्युटीच्या दुपारी कुठल्याही कागदावर सही करू नका. आणि जीवच नकोसा झाला असेल तर सीटचा विचार बाजूला ठेवा, रूममेटला उठवा, टेलि-मानसचा 14416 लावा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.