धान्यातली गोळी घरात नको

उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरताना ‘कोठीत एखादी गोळी टाका’ असा सल्ला अजूनही सहज दिला जातो. माझा त्याला ठाम विरोध आहे. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. डांबरगोळीच्या पंगतीला तिला बसवणे हीच पहिली चूक, कारण ही गोळी म्हणजे साठवून ठेवलेला विषारी वायू आहे. हवेतला, धान्यातला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन सुटतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून सुमारे 1 ग्रॅम. तो दाण्याच्या आत शिरून सोंडकिड्यांच्या अळ्याही मारतो. गोदामात थप्प्यांवर घट्ट आच्छादन घालून, प्रशिक्षित माणसांच्या हातून, ठरलेले दिवस पाळून आणि शेवटी हवा खेळती करून ती वापरली तर उपयोग मोठा आहे, ते मी नाकारत नाही. पण दाण्यात शिरणारा वायू दाराच्या फटीतून, भिंतीच्या चिरेतून शेजारच्या खोलीतही शिरतो. शरीरात गेल्यावर पेशींना प्राणवायू वापरता येईनासा होतो आणि हृदय झपाट्याने खचते. यावर उतारा नाही.

‘आमच्याकडे वर्षानुवर्षे टाकतात, कधी काही झाले नाही,’ असे म्हणणारे खोटे बोलत नसतात. मात्र वायू किती वेगाने सुटेल हे ओलावा आणि उष्णता ठरवतात. उघड्या पडवीत निभावलेली गोळी पावसाळ्यात दारे-खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये निभावेल, याला आधार काय? ढेकणांसाठी खोलीत गोळ्या ठेवणे तर त्याहून भयंकर. वासाने कळेल, ही समजूतही फसवी आहे. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो तो सोबतच्या इतर घटकांचा; शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. ‘दुकानात मिळते, म्हणजे चालत असणार’ हा युक्तिवादही टिकत नाही. 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्यांवर 2001 पासून बंदी आहे आणि विक्री सरकारी यंत्रणा व कीडनियंत्रण करणारे व्यावसायिक यांच्यापुरतीच मर्यादित आहे. कागदाच्या पुडीत सुटी गोळी मिळते तेव्हा नियम मोडतोच, शिवाय विषाचे नावही हरवते.

घरच्या धान्याला कडक ऊन, पूर्ण वाळवण आणि घट्ट झाकणाची कोरडी कोठी पुरते. डाळी-कडधान्यांना एरंडेल चोळावे. घरात गोळी आधीच असेल तर तिच्यावर पाणी ओतू नये, नाल्यात टाकू नये. खोली मोकळी करून जाणकाराला बोलवावे. घरातल्या अनेकांना एकदम उलट्या, धाप, छातीत जडपणा जाणवला तर अपचन समजून वेळ घालवू नये. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे, मग थेट मोठे रुग्णालय गाठावे. कोणी गोळी गिळली असेल तर पाणी पाजून उलटी काढायला बसू नये. डॉक्टरांना ‘धान्यातली गोळी’ एवढेच न सांगता ‘ॲल्युमिनियम फॉस्फाइड’ हे पूर्ण नाव सांगावे, आणि वेष्टन असेल तर तेही दाखवावे.