शिलालेख वाचणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

सांगवीला लागून वाहणारी पवना आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या वरच्या खोऱ्यात, पवन मावळात, बेडसे गावाच्या डोंगरात प्राचीन लेणी आहेत आणि त्यांत लेख कोरलेले आहेत. कित्येक पिढ्यांनी ती अक्षरे पाहिली. पण वाचता येईनात, म्हणून अशी लेणी पांडवांची, असे लोक म्हणत. ही मुकी अक्षरे ज्यांनी बोलती केली, त्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी हे प्रमुख होत.

त्यांचा जन्म १८३९ साली जुनागड येथे झाला. जवळच गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचे लेख असलेला मोठा खडक आहे. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप ह्याने १८३७ च्या सुमारास केला होता. त्याने केलेला अक्षरांचा तक्ता तरुण भगवानलालांच्या हाती आला, आणि खडकाशी बसून एकेक अक्षर ताडून पाहत ते लिपी शिकले. पुढे मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी त्यांस आपल्याकडे बोलावून घेतले. त्यांच्यासाठी पंडितांनी दूरदूर प्रवास केला. जुन्या नकलांत चुका असत; म्हणून दुसऱ्याच्या नकलेवर न विसंबता मूळ शिळेपाशी जाऊन खात्री करावी, हा त्यांचा नेम असे.

१८७४ साली भाऊ दाजी वारले व पंडितांचा आधार गेला. तरी त्यांनी काम सोडले नाही. जुन्नरजवळील नाणेघाटाच्या लेखात सातवाहन राजकुळाने यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी ह्यांची गणती आहे. त्यातील प्राचीन अंकांवर त्यांनी १८७७ साली लेख प्रसिद्ध केला. आपण आज लिहितो त्या अंकांचे पूर्वज तेथे दिसतात. बेडसे, कार्ले व भाजे येथील लेखही त्यांनी बर्जेस साहेबांसह १८८१ साली छापून काढले.

१८८२ साली त्यांनी सोपारे येथील एक टेकाड खणले. लोक त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा व शेवटी सोन्याचा! सोन्याच्या करंड्यात मात्र मातीच्या भांड्याची बारीक खापरे होती. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून भक्तांनी ती जपली असावीत, असे पंडितांनी दाखविले. तो कोट नसून बौद्ध स्तूप होता.

वाचकहो, ह्या पंडितांस इंग्रजीत ग्रंथरचना करता येत नसे. ते गुजरातीत लिहीत, आणि ब्यूलर ह्यांच्यासारखे विद्वान त्याचे भाषांतर करीत. तरीही हॉलंडातील लायडन विद्यापीठाने त्यांस सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. १८८८ साली, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते मुंबईत वारले. राजभाषा येत नाही म्हणून आपणांस ज्ञान बंद आहे, असे म्हणणाऱ्याने हे चरित्र ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. लेण्यांच्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरणारा मनुष्य दोन हजार वर्षांची साक्ष पुसतो; एकदा गेलेले अक्षर परत येत नाही. शेतात जुनी नाणी वा कोरीव दगड सापडल्यास ते फोडू अथवा विकू नये. सरकारी अधिकाऱ्यांस कळवावे.

विचार करण्यासाठी प्रश्न
१. पंडित मूळ शिळेपाशी स्वतः का जात?
२. सोपाऱ्याच्या टेकाडाविषयीची समजूत कशाने बदलली?
३. आपल्या गावी जुना लेख किंवा दगड आहे काय? त्याची काळजी कोण घेतो?