बचावपटू महेश गवळी : वर्गात घेण्यासारखा एक पाठ

मुलांना फुटबॉलपटूंची नावं विचारा. मेस्सी, रोनाल्डो, सुनील छेत्री अशी पटापट येतात. सगळे गोल करणारे! मागे उभं राहून गोल अडवणाऱ्याचं नाव क्वचितच कुणी घेतं. शाळेच्या मैदानावर तर ज्याला जमत नाही त्यालाच "तू मागे थांब" म्हणतात. म्हणून हा पाठ.

महेश गवळी मूळचे गोव्याचे, जन्म १९८० चा. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडले. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या संघात ते होते. पुढे गोव्याच्या धेंपो क्लबकडून आय-लीगची विजेतेपदं मिळवली.

देशासाठी महत्त्वाचा काळ बॉब हॉटन प्रशिक्षक असतानाचा. २००७ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताने सीरियाला १-० हरवून पहिल्यांदा नेहरू चषक जिंकला. इथे फळ्यावर १-० लिहून थांबायचं. मुलं १ कडे बघतात. गोल प्रदीपने केला, बरोबर. पण ते शून्य कुणाचं? गोलरक्षकाचं आणि बचावफळीचं. गवळींसारख्यांची कमाई अशी शून्यात लपलेली असते, म्हणून ती मोजायला अवघड.

आपल्या पांढरकवड्याकडची मुलं हे कबड्डीवरून लगेच समजतात. चढाई करणाऱ्याइतकाच कोपऱ्यातला पकड करणारा मोठा, हे त्यांना सांगावं लागत नाही. (कबड्डीत पकडीला गुण मिळतो. फुटबॉलमध्ये मिळत नाही, फरक तेवढाच!)

निवृत्तीनंतर गवळी प्रशिक्षक झाले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत ते भारताचे सहप्रशिक्षक होते. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना लाल कार्ड मिळाल्यामुळे बंगळुरूतल्या उपांत्य आणि अंतिम सामन्यात मैदानाकडेला गवळीच उभे राहिले. लेबनॉनविरुद्ध जादा वेळेतही ०-० आणि पेनल्टीवर ४-२. कुवेतविरुद्ध १-१, पेनल्टीवर ५-४. हे आकडे तिसरी-चौथीला वजाबाकीसाठीही चालतात.

पालकांनो, मुलगा सामना खेळून घरी आला की "किती गोल केलेस?" हाच पहिला प्रश्न असतो ना? एकदा "आज कुणाला अडवलंस?" असं विचारून बघा. मागे खेळणारी मुलं बराच वेळ बोलतात.

गृहपाठ : पुढचा सामना बघताना फक्त एका बचावपटूकडे दहा मिनिटं बघायचं. चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो, ते पाच वाक्यांत लिहायचं.