आजचं चिंतन : बघणारा आणि सांगणारा

आज ‘साक्षी’ या शब्दाचा थोडा अभ्यास करूया. साक्षी म्हणजे नुसता बघणारा, की बघून सांगणाराही?

एअरबस ए३८० या दुमजली विमानाच्या शेपटीवर कॅमेरा असतो. त्याचं थेट चित्र प्रवाशाला सीटसमोरच्या स्क्रीनवर बघता येतं: विमानाची पाठ, दोन्ही पंख, खाली ढग. सगळं दिसतं, पण विमान काही आपल्या हातात नसतं. मग बघून उपयोग काय?

४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासचं क्यूएफ ३२ हे ए३८० विमान सिंगापूरहून सिडनीला निघालं. काही मिनिटांतच डाव्या पंखाखालचं एक इंजिन फुटलं आणि त्याचे तुकडे पंखातून आरपार गेले. विमानात ४६९ माणसं होती. कॉकपिटमध्ये कॉम्प्युटर एकामागून एक इशारे देत होता. नुकसान डोळ्यांनी बघायला सेकंड ऑफिसर केबिनमध्ये आले. तिथे एका प्रवाशाने त्यांना आपला स्क्रीन दाखवला. हा प्रवासी त्याच कंपनीचा पायलट होता. शेपटीच्या कॅमेऱ्यात डाव्या पंखातून काहीतरी गळताना दिसत होतं. ऑफिसर खालच्या मजल्यावर गेले आणि खिडकीतून त्यांनी खात्री करून घेतली. इंधन गळत होतं.

कॅमेऱ्यामुळे विमान वाचलं, असं मी म्हणणार नाही. ते वाचलं वैमानिकांच्या संयमामुळे आणि कौशल्यामुळे. त्यांनी एकेक चेकलिस्ट पूर्ण केली आणि विमान सिंगापूरलाच परत उतरवलं. सगळे सुखरूप होते. पण त्या प्रवाशाने आपल्या वाट्याचं काम नीट केलं. तो कॉकपिटकडे धावला नाही, आणि ‘मला काय त्याचं’ म्हणून गप्पही बसला नाही. जे दिसलं ते योग्य माणसाला दाखवलं. आणि ऑफिसरनेही ऐकलं, मग स्वतः जाऊन तपासलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे डॅशबोर्डवर लाल दिवा सगळ्यांनाच दिसतो. ‘दुसऱ्याने सांगितलं असेल’ असं प्रत्येकाला वाटतं, आणि तसंच राहून जातं. घरातही हेच होतं. आईचं दुखणं, मित्राचं गप्प गप्प राहणं आपल्याला दिसत असतं.

आजचा अभ्यास एवढाच: सगळं आपल्या हातात नसतं, हे मान्य करा. पण जे दिसतंय, ते आज एका योग्य माणसाला शांतपणे सांगा.