संगणकातील पेटी आणि तंबोऱ्याचा गंधार

ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयाची स्थापना १९१८ची. तेथे तंबोऱ्यावर सूर लावणारा विद्यार्थी आज घरी संगणकावर गाणे मुद्रित करू शकतो. १९९६ साली स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी पद्धत आणली. तिच्यामुळे पेटी, सतार वा घुमारा 'प्लगइन' म्हणून जोडता येतो. सोय मोठी, गोम सुरांत आहे. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर अशी पेटी बहुधा समान बारा भागांत लावलेली असते. तिचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार मात्र ३८६वर. पंचमातला दोन सेंटचा फरक खपतो (आमच्या कानाला तरी!), गंधारातला चौदाचा बोचतो, आणि रोज ऐकून कान त्यालाच सरावतो. तेव्हा भूप गाण्यापूर्वी पेटीचा गंधार १४ सेंटने उतरवून घ्यावा. ज्या प्लगइनमध्ये ही सोय नाही, ते रियाजाला नकोच.