आजचा पाठ : रजा संपवून कामावर परतताना



आपल्यापैकी कुणी नर्मदा परिक्रमेसाठी, कुणी आईवडिलांच्या आजारपणात काम सोडून राहतो. परत कामावर जायचं म्हटलं की पाय जड होतात. ‘आता जमेल का? आपल्यावाचून काही अडलं तरी का?’

विनोबांकडे पाहू या. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९१७ मध्ये तब्येत आणि संस्कृतचा अभ्यास यांसाठी त्यांनी एक वर्षाची रजा घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे उपनिषदं, ब्रह्मसूत्रं शिकले. पायी फिरून गीता सांगितली. बाहेर राहूनही आश्रमाची व्रतं पाळली. आणि वर्ष पुरं झालं त्याच दिवशी आश्रमात हजर!

म्हणजे रजा कामाला असते, नियमाला नाही. नियम सुटला नसेल तर परतणं जड जात नाही.

आपल्या बऱ्हाणपुरात पॉवरलूमवर बीम संपलं की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला जोडतात. तेवढा वेळ माग बंद असतो, पण त्याला कुणी वाया गेलेला वेळ म्हणत नाही. घाई केली, धागा चुकला, की कापडात दिसतंच. आपलेही पहिले काही दिवस असेच धागे जोडण्याचे. आपलं काम ज्यांनी सांभाळलं त्यांचे आधी आभार मानावेत. नवं ते लहानांकडूनही विचारून घ्यावं.

आठवड्याचा अभ्यास : परतायची तारीख वहीत लिहा. नामाची वेळ मात्र रजेत होती तीच ठेवा.

🌼 श्रीगुरुदेव दत्त 🌼