गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि नंतरची सूज

आपल्या सीमाभागात खेळ म्हटला की कुस्ती आणि कबड्डी ही दोन नावे प्रथम ओठांवर येतात. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यापासून निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतील जत्रेच्या फडापर्यंत ताकदीची आणि डावांची चर्चा पुष्कळ होते. गुडघ्याविषयी मात्र तो दगा देईपर्यंत कोणी बोलत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे व कोल्हापुरात तयार झालेले खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे ब्राँझपदक मिळविले हे सर्वांस ठाऊक आहे. पण १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकपूर्वी गुडघ्यास गंभीर दुखापत झाल्याने त्यांना तेथे उतरता आले नाही, हे फारसे कोणाच्या स्मरणात नसते.

त्या काळी गुडघा उघडूनच शस्त्रक्रिया करावी लागे आणि आतील गादी फाटली तर बहुधा ती सगळीच काढून टाकीत. दुर्बिणीतून केवळ फाटका भाग काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली केली. आज ही सोय बेळगाव, कोल्हापूर, मिरज येथे आहे. जखमेचे छेद लहान झाले, पण आतील भाग भरून येण्यास शरीर जो वेळ घेते तो काही कमी झालेला नाही. घरच्या मंडळींचा गोंधळ येथेच होतो.

शस्त्रक्रियेनंतर गुडघा सुजतो, गरम लागतो, दुखतो. यास वैद्यकात दाह म्हणतात. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदविली आहेत. हा दाह म्हणजे रोग नव्हे. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात, मेलेला भाग उचलून नेतात, आणि मग नवे तंतू विणणाऱ्या पेशींचे काम सुरू होते. तेव्हा पहिल्या काही दिवसांच्या सुजेने घाबरून जाण्याचे कारण नाही.

मात्र सूज तशीच राहू देणेही बरे नव्हे. सांध्यात थोडेसे पाणी साठले तरी मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञा मंदावते. मुलगा जोर लावतो, पण मांडी ताठ होत नाही. आठवडाभरात ती बारीक दिसू लागते. म्हणून पाय उंच ठेवणे, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावणे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मांडी आवळण्याचा व्यायाम पहिल्या दिवसांपासून करणे अवश्य असते. मायेपोटी गुडघ्याखाली उशी देण्याची आपली पद्धत चुकीची आहे. त्याने गुडघा वाकलेलाच आखडतो; उशी टाचेखाली द्यावी. गरम तेलाचे मालीश आणि पाल्याचे लेप यांस या दिवसांत साफ मनाई असावी. पोटरी दुखून सुजली असेल तर ती चोळण्यात जिवाचा धोका आहे, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. पोटरीची सूज, ताप, वाढत जाणारी लाली, जखमेतून पू किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कबड्डीत चढाई करणारा पाय रोवून एकदम वळतो आणि गुडघ्याच्या आत फुलीसारखे जे दोन बंध असतात त्यांतील पुढचा तुटतो. सांध्यातील द्रवामुळे त्याच्या टोकांवर रक्ताची गाठ धरत नाही, म्हणून तो बहुधा आपोआप सांधत नाही. मग मांडीच्या मागची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन तेथे कलम करतात. आंब्याचे कलम बांधल्या दिवशी घट्ट असते, पण जीव धरते नंतर; येथेही तसेच आहे. बसविलेल्या कंडरेतील जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि या घडामोडीत साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सर्वांत कमजोर असते. नेमकी याच सुमारास सूज ओसरलेली असते, दुखणे थांबलेले असते आणि जत्रेचे किंवा पोलीस भरतीचे दिवस जवळ आलेले असतात! मुलगा म्हणतो, मला काही होत नाही. तो खोटे बोलत नाही. कलम कच्चे असल्याची कळ त्याला येतच नाही.

ऑस्लो व डेलावेअर येथील खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मैदानात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबविले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले आढळले. केवळ महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी झाली आहे काय, हे मोजून घ्यावे लागते.

शस्त्रक्रियेसाठी आपली कुटुंबे कर्ज काढतात, दागिना मोडतात, परंतु नंतरच्या व्यायामाचा खर्च अनावश्यक समजून पहिल्याच महिन्यात थांबवितात. माझ्या मते हिशेब करतानाच सहा-नऊ महिन्यांच्या व्यायामाची रक्कम वेगळी काढावी. निपाणीहून दर आठवड्यास बेळगाव वा कोल्हापूर गाठणे जमत नसेल तर व्यायाम लिहून घ्यावेत, महिन्यातून एकदा तपासून घ्यावे, आणि व्यायामानंतर गुडघा पुन्हा सुजला तर दुसऱ्या दिवशी भार कमी करावा. उकिडवे बसणे व मांडी घालणे केव्हा सुरू करावे हे डॉक्टरांनाच विचारावे. गादी शिवली असल्यास त्यास काही महिने लागतात.